छंदाचा धंदा करायचा का? आधी एक दिवाळी ते दुसरी दिवाळी वही लिहा

"भैय्या, हात एवढा चांगलाय तुझा, मग याचाच धंदा कामून करत न्हाईस?"

हे मला पहिल्यांदा ऐकवलं ते बियाण्याची पिशवी घ्यायला आलेल्या एका काकांनी. मी तेव्हा परभणीच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहायचो. रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून कधी येलदरी धरणावर, कधी लांब पैठणला नाथसागरावर जायचो. काकांना मोबाईलवर पट्टकादंब या हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या थव्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोनदा मोठा करून पाहिला, तोंडभरून वाहवा केली, आणि बियाण्याचे पैसे दिवाळीला देतो म्हणून पिशवी खांद्यावर टाकून निघून गेले. वाहवा रोख, पैसे उधार. धंद्याचं निम्मं शिक्षण मला त्या दहा मिनिटांत मिळालं होतं, फक्त ते कळायला दोन वर्षं लागली.

२०१८ पासून मी लग्नाचे फोटो काढून घर चालवतो. आठवड्याला एखादा तरी पोरगा किंवा पोरगी येऊन विचारते: मी केक छान करते, मी मृदंग वाजवतो, मी आरी वर्क (आरीच्या सुईने भरतकाम) करते, नोकरी सोडू का? "मनाचं ऐक" असं मी कुणालाच सांगत नाही, कारण मन पावसाळ्यात एक सांगतं आणि लग्नसराईत दुसरं. काय करायचं ते मात्र सांगता येतं, तेच इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं बहुतेक फोटोग्राफीची येतील, कारण मला तेच येतं. तुम्ही त्या जागी आपलं काम ठेवून वाचा.

आधी छंदाचे तुकडे करा

एक कागद घ्या आणि मधे रेघ मारा. डावीकडे छंदातली तुम्हाला आवडणारी कामं लिहा, उजवीकडे त्याच छंदाचा धंदा केल्यावर रोज करावी लागणारी कामं.

माझी डावी बाजू अशी होती: पहाटे निघणं, पाण्याकाठी गप्प बसणं, उजेडाची वाट बघणं, दोनशे फोटोंतून एक निवडणं. उजवी बाजू मी तेव्हा लिहिलीच नव्हती. आज लिहायची तर अशी होईल: फोन उचलणं, भाव सांगणं, घासाघीस ऐकणं, बँडच्या आवाजात ओरडून पाहुणे उभे करणं, स्टेजवर चारशे आहेरांचे चारशे फोटो काढणं, रात्री एकपर्यंत एडिटिंग, "मामांचा फोटो दोन पानांवर घ्या" म्हणून अल्बम पुन्हा लावणं, आणि उरलेल्या पैशांसाठी चौथ्यांदा फोन करणं.

दोन्ही बाजूंना जी कामं सारखी येतात तेवढाच तुमचा छंद धंद्यात टिकणार आहे. माझ्याकडे फक्त दोन निघाली, उजेड ओळखणं आणि फोटो निवडणं. मला तेवढी पुरली. उजवीकडची निम्मी कामं आवडत नसली तरी चालतं, पण ती करताना अंगावर काटा येत असेल तर इथेच थांबलेलं बरं. माणसांशी बोलायचा कंटाळा म्हणून चित्र काढायला बसणाऱ्याने चित्रांचं दुकान टाकलं, की त्याला दिवसभर माणसांशीच बोलावं लागतं.

पैसे कशाचे मिळतात ते बघा

पक्ष्यांच्या फोटोंना गिऱ्हाईक मिळेल असं मला खरंच वाटलं होतं. वीस फोटो मोठे करून फ्रेम केले आणि मित्राच्या स्टेशनरीच्या दुकानात लावले. सहा महिन्यांत दोन विकले गेले. त्यातला एक माझ्या सख्ख्या मामाने घेतला होता, हे नंतर कळलं.

त्याच सहा महिन्यांत "साखरपुड्याला येशील का?" असं विचारणारे सात जण भेटले. म्हणजे कॅमेऱ्याला गिऱ्हाईक होतं, माझ्या आवडीच्या विषयाला नव्हतं. बहुतेक छंदांचं असंच असतं. माझी चुलतबहीण जिंतूरला आरी वर्क करते. मोर काढावा तर तिनेच, पिसाऱ्यातला एकेक टाका वेगळ्या रंगाचा. पण बायका तिच्याकडे येतात त्या "परवा हळद आहे, बाह्यांना काहीतरी पटकन करून दे" म्हणत. पैसे पटकन होणाऱ्या बाह्यांना आहेत. मोराला पंधरा दिवस लागतात आणि त्याची किंमत ऐकली की बाई म्हणते, एवढ्यात तर साडी येते.

म्हणून पन्नास किलोमीटरच्या आतली तुमचंच काम करणारी तीन-चार माणसं शोधा आणि ती नेमकं काय विकतात ते बघा. त्यांच्या इन्स्टाग्रामवर जाऊ नका, तिथे सगळे मोरच लावतात. दुकानात जाऊन अर्धा तास बसा आणि आलेलं गिऱ्हाईक काय मागतं ते ऐका.

एक सीझन दुसऱ्याच्या हाताखाली

ही पायरी लोक लाजेपोटी गाळतात. मी शहरातल्या एका स्टुडिओवाल्या अण्णांकडे एक लग्नसराई काढली. पहिला महिना फक्त लाईटचा स्टँड धरला आणि वायरी गुंडाळल्या. मग आहेराचे फोटो हातात आले. रोजाचे पाचशे मिळायचे, जेवण मंडपातलं. तिथे जे शिकलो ते यूट्यूबवर नाही: वरबापाशी कधी बोलायचं, भटजींना आधीच विचारून अंतरपाट कधी धरणार ते कसं काढून घ्यायचं, दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो कसे साठवायचे, आणि जेवायला पहिल्या पंगतीतच का बसायचं. शेवटच्या पंगतीला बसलं की पाठवणी चुकते.

केकवालीने बेकरीत, शिवणकामवालीने टेलरकडे, मृदंगवाल्याने एखाद्या कीर्तनकारासोबत असा एक सीझन काढावा. त्यानंतरही करावंसं वाटलं तर पुढे वाचा.

पहिली परकी ऑर्डर, पूर्ण भावात

नातेवाईकांचं काम परीक्षेत धरू नका. ते पैसे कमी देतात आणि कौतुक जास्त करतात, दोन्हींनी अंदाज चुकतो. ओळख नसलेल्या माणसाकडून, बाजारभावाने, ठरल्या तारखेला पहिलं काम घ्या.

माझी पहिली परकी ऑर्डर सेलू तालुक्यातल्या एका गावातली. मे महिना, पत्र्याचा मंडप, मुहूर्त बारा पस्तीसचा. शर्ट पाठीला चिकटलेला, कॅमेरा हातात धरवत नव्हता इतका तापलेला. मंगलाष्टकं सुरू झाली. मंडपाच्या पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाची एक तिरीप खाली येत होती. ती बरोबर मागच्या रांगेत बसलेल्या एका आजीच्या हातावर पडली. हातात अक्षता घट्ट धरलेल्या, मूठ थरथरतेय, पिवळे तांदूळ बोटांतून एकेक गळतायत. मी खाली बसलो आणि सात-आठ फोटो काढले. डोळा कॅमेऱ्यातून काढला तेव्हा "सावधान" होऊन गेलं होतं, बँड वाजत होता आणि नवरीचा हार नवऱ्याच्या गळ्यात पडलेला होता.

आठ दिवसांनी नवरीचे वडील फोटो बघायला आले. सगळे फोटो शांतपणे पाहिले. आजीचा फोटो आला तेव्हा थांबले, डोळे पुसले. ती त्यांची आई होती. मग म्हणाले, "भैय्या, म्हातारीचा फोटो लई झ्याक काढला बघ. पण हार घालतानाचा कुठाय?"

मी त्या ऑर्डरचे तीन हजार कमी घेतले, आणि ते बरोबरच होतं. छंद करणाऱ्याची नजर उन्हाच्या तिरिपीमागे जाते. काम घेणाऱ्याला आधी हाराचा फोटो द्यावा लागतो, मग वेळ उरला तर आजी. पहिल्या पाच परक्या ऑर्डरींत तुमचं असं काहीतरी चुकेलच. चुकल्यावर "यांना कला कळत नाही" असं वाटलं की "पुढच्या वेळी हाराला दुसरा माणूस उभा करतो" असं वाटलं, ते वहीत लिहून ठेवा. पहिलं वाटत असेल तर छंद छंदच राहू द्या, यात कमीपणा काही नाही.

आता हिशेब, पूर्ण

नवखा माणूस मिळालेले पैसे मोजतो, गेलेले दिवस मोजत नाही. माझ्या एका साध्या ऑर्डरचा हिशेब मांडतो.

पॅकेज २५,००० रुपयांचं. त्यातून करिझ्मा अल्बमचे (छापील पानांचं फोटोपुस्तक) ६,५००, व्हिडिओवाल्याचे ५,०००, मदतनीसाचे १,०००, पेट्रोल, पेनड्राइव्ह आणि किरकोळ १,००० गेले. उरले ११,५००. कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड लाखाचे, पाच वर्षं चालतील असं धरलं तर वर्षाला ३०,००० ची झीज. वर्षाला २५ लग्नं झाली तर एका लग्नावर १,२०० रुपये. राहिले १०,३००.

आता दिवस. हळद आणि लग्न मिळून दोन, आधीची बोलणी एक, एडिटिंगचे चार, अल्बम दाखवणं आणि पोचवणं एक. आठ दिवस. म्हणजे दिवसाला १,२८७ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण अशी २५ लग्नं म्हणजे वर्षाचे २,५७,५०० आणि महिन्याचे साडेएकवीस हजारांच्या आत. आणि २५ लग्नं पहिल्या वर्षी मिळत नाहीत. मला अकरा मिळाली.

केकवालीने यात गॅस, डबे, फसलेला एक केक आणि वीज गेल्यावर उन्हाळ्यात वितळलेलं क्रीम धरावं. शिवणकामवालीने उसवून पुन्हा शिवलेला वेळ धरावा. स्वतःच्या दिवसाला रोज लावल्याशिवाय भाव ठरवू नका. रानात खुरपायला गेलेल्या बाईला जो रोज मिळतो त्यापेक्षा तुमचा कमी येत असेल, तर भाव तरी चुकलाय किंवा काम तरी.

नोकरी न सोडता एक अख्खं वर्ष

पुण्यात कदाचित सहा महिने पुरतील. आपल्याकडे वर्षच लागतं, कारण मराठवाड्यात पैसा पिकासोबत येतो आणि पेरणीसोबत जातो. दुकानात हिशेब लिहिताना मी हे रोज पाहिलं होतं.

सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे मोंढ्यात येतं. मग कापूस थोडा थोडा विकला जातो, पुढे तूर, मग हरभरा. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि हा पैसा तिकडे वळतो. मे संपला की सगळं थांबतं. जूनमध्ये घरातला शेवटचा रुपया बियाणं-खतात जातो. आषाढी एकादशीपासून चातुर्मास, लग्नं बंद. पुढे पितृपक्ष. आणि दर दोन-तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो. २०२६ मध्ये तो अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सराईच्या शेवटच्या तोंडावर. जावयांची चंगळ, फोटोग्राफरची सुट्टी.

त्यामुळे ही परीक्षा, म्हणजे नोकरी सांभाळून धंदा करून बघणं आणि त्याचा सगळा हिशेब वहीत लिहिणं, दिवाळीला सुरू करा आणि पुढच्या दिवाळीला संपवा. फेब्रुवारीत जोरात चाललेला धंदा बघून नोकरी सोडणारे ऑगस्टमध्ये परत नोकरी शोधतात, असे मी चार तरी पाहिले.

वर्षही एकसारखं नसतं. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या खालीच सौदे होत होते. त्या सराईत पॅकेजमधून आधी ड्रोन गेला, मग प्री-वेडिंग, मग अल्बमची पानं. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, नदीकाठची उभी पिकं माती घेऊन वाहून गेली. त्या दिवाळीत माझ्या तीन तारखा पुढे ढकलल्या गेल्या. कुणी रद्द केलं नाही, फक्त "बघू पुढं" म्हणाले. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मी तेव्हा या धंद्यात नव्हतो, पण अण्णा सांगायचे की त्या उन्हाळ्यात जी लग्नं झाली ती दारातच, पन्नास माणसांत. आपलं गिऱ्हाईक शेतकरी नसलं तरी त्याचं गिऱ्हाईक शेतकरीच असतं. म्हणून नोकरी सोडायच्या दिवशी आठ महिन्यांचा घरखर्च बँकेत पाहिजे. सहा महिने लोक सांगतात, मी आठ सांगतो.

इसार, आणि अल्बम कधी द्यायचा

तारीख वहीत लिहायची ती इसार हातात आल्यावर, आधी नाही. तोंडी तारखेवर मी एक मोठी ऑर्डर घालवलेली आहे. निम्मे पैसे लग्नाच्या दिवशी आणि उरलेले अल्बम नेताना. अल्बम आधी, पैसे नंतर, असं एकदाच केलं. पार्टी भली होती, फसवायचा हेतू नव्हता, पण मेचे पैसे जूनमध्ये खतात गेले आणि मला दिवाळीनंतर हप्त्याने मिळाले. मे संपायच्या आत जे आलं नाही ते दिवाळीलाच येतं, हे गणित पक्कं धरा.

ओळखीच्या माणसाला सूट द्यायची असेल तर पूर्ण भाव कागदावर लिहा आणि खाली सूट लिहा. नाहीतर सूट दिलेला भाव गावभर तुमचा भाव होतो.

कागदपत्रं, थोडक्यात

घाबरण्यासारखं काही नाही. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. त्यासाठी हजार रुपये मागणारा भेटला तर उठून या. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकानासाठी शॉप अ‍ॅक्टची (दुकानांच्या कायद्याची) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर घरून विकले तरी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी हवी. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या आणि मालासाठी ४० लाखांच्या उलाढालीनंतर, म्हणजे तुम्हाला आज त्याची झोप घालवायची गरज नाही. बँकेत वेगळं खातं मात्र पहिल्या दिवशीच उघडा. घरचा किराणा आणि धंद्याचा पैसा एका खात्यात असला की नफा दिसतच नाही.

कर्ज परीक्षेच्या वर्षात नको. कॅमेरा भाड्याने मिळतो, ओव्हन शेजारणीचा चालतो. वर्ष निभावलं की मुद्रा कर्ज योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत तारणाशिवाय मिळतात. जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा, त्यात ग्रामीण भागात २५ टक्के आणि तिथेच महिलांसह विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. शिवणकाम, कुंभारकाम, सुतारकाम, हार करणं, खेळणी करणं यांतलं तुमचं काम असेल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्यात अठराच कामं आहेत आणि प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. फोटोग्राफर त्यात नाही. मी दोनदा यादी वाचली.

घरी कसं सांगायचं

आमच्या पप्पांचा प्रश्न पैशाचा नव्हताच. "फोटो काढतो म्हणल्यावर पोरगी कोण देईल?" एवढाच होता. यावर हसू नका. आपल्याकडे स्थळ बघताना आधी नोकरी, मग शेत, मग मुलगा बघतात, आणि अभ्यासिकेत पाचवं वर्ष काढणाऱ्या पोराला अजून "होईल त्याचं" म्हणतात. भांडून उपयोग झाला नाही. वर्षभराची वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं, एका बेरजेत चूक काढली आणि म्हणाले, "ऑगस्टचं काय करणार हाईस?" तो प्रश्न माझ्या बाजूचा होता. ऑगस्टसाठी मी शाळांचे ओळखपत्राचे फोटो आणि जुन्या फोटोंची दुरुस्ती धरली. अजूनही ऑगस्ट त्यावरच निघतो. पोरींच्या घरी प्रश्न वेगळा येतो, "लग्नानंतर सासरी चालेल का?" त्याला वहीचं उत्तर पुरत नाही. पण चुलतबहिणीने स्थळ बघतानाच सांगितलं होतं की कापड ताणून बसवायची आरीची खाट सोबत येईल. ती आली.

नाही म्हणायचं ठरलं तर

वर्ष संपल्यावर वहीतल्या तीन गोष्टी बघा: खर्च वजा जाऊन महिन्याला काय पडलं, पुन्हा आलेली किंवा दुसऱ्याला घेऊन आलेली पार्टी किती, आणि शेवटच्या दोन महिन्यांत फक्त स्वतःसाठी म्हणून तुम्ही ते काम किती वेळा केलं. तिसऱ्या ठिकाणी शून्य असेल तर पहिल्या दोन चांगल्या असल्या तरी घाई करू नका.

माझा एक मावसभाऊ मृदंग वाजवतो. बोटं अशी की सप्ताहात कीर्तनकार थांबून त्याच्याकडे बघतात. त्यानेही वर्षभर करून पाहिलं. बिदागी ठीक मिळत होती, पण रोज वेगळं गाव, रात्रीचा प्रवास, आणि कुणाबरोबर वाजवायचं हे आपल्या हातात नाही. तो परत मेडिकल दुकानात लागला. आता वर्षाला चार सप्ताह करतो, आपल्या आवडीच्या बुवांबरोबर, येण्या-जाण्याच्या खर्चावर. माझ्यापेक्षा तो सुखी दिसतो, हे मी त्याला सांगितलेलं नाही. शिकवण्याचा मधला रस्ताही आहे. चुलतबहिणीने घाईच्या बाह्या निम्म्यावर आणल्या आणि तीन महिन्यांचा क्लास सुरू केला. मोर आता पोरींना शिकवण्यासाठी काढते.

माझी एक अडचण मात्र मला आधी कुणी सांगितली नव्हती. नाथसागरावर पट्टकादंब हिवाळ्यात येतात आणि ऊन तापलं की जातात. लग्नाच्या तारखाही त्याच. पहिल्या तीन वर्षांत मी एकही थवा पाहिला नाही. तेव्हापासून पंचांग हातात आलं की जानेवारीतल्या दोन तारखा आधीच लाल पेनाने खोडून ठेवतो. गेल्या वर्षी त्यातल्याच एका तारखेला मोठी ऑर्डर आली, ड्रोनसकट. नाही म्हणालो. "का हो, दुसरीकडं इसार घेतला का?" त्यांनी विचारलं.

घरचं कार्य आहे म्हणून सांगितलं.